वेरली सांगतो

इंग्रज इतकी वर्षं या देशात राहून गेले, पण जाताना आपली खरी भाषा ते कुणाच्या हवाली करून गेले असतील, तर ती सणसरजवळच्या वाडीवर राहणाऱ्या माझ्या आत्याच्या यजमानांच्या. हे माझं मत नाही, खुद्द त्यांचं होतं. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणत असे. मामांच्या हिशेबानं रेडिओवर, वर्तमानपत्रात, बँकेत आणि कोर्टात जे चालतं ते इंग्रजी नव्हेच. ते ऊस तुटून गेल्यावर रानात मागं राहिलेलं पाचट. मी बारामतीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. बी.ए. झालो, बी.एड. झालो, नोकरीत कायम झालो, तरी मला इंग्रजी येतं हे मामांनी कधी मान्य केलं नाही. "मास्तर, तुला यू येतंय," ते म्हणायचे, "पर दाऊ येत न्हाय. आन् ज्याला दाऊ येत न्हाय, त्यानं देवाशी बोलायचं कसं?" दाऊ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'तू'. मी देवाशी मराठीत बोलतो असं सांगितलं की ते माझ्याकडे दयेनं बघायचे आणि आत्याला म्हणायचे, "च्या टाक गं, पोरगं दमलंय."

मामांचं घराणं मेंढक्यांचं. बापजाद्यांनी कळप हाकत पार कोकणापर्यंत पायपीट केलेली. पुढं कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, भाऊबंद शेतीला लागले आणि मामा साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. अंगात कारखान्याची खाकी, डोक्याला तांबडा पटका आणि खांद्यावर उन्हाळ्यातसुद्धा घोंगडी. असा हा माणूस इंग्रजी शिकला तो एका एडक्याच्या कृपेनं. लहानपणी कळपामागं चालताना त्या एडक्यानं पाठीमागून अशी काही ढुशी दिली की मामा घळीत पडले आणि पाय मोडला. वाटेवरच्या एका गावात मिशनचा दवाखाना होता. पाय प्लास्टरमध्ये घालून पोराला तिथं ठेवलं आणि कळप पुढं गेला. कळपाला थांबता येत नाही. खाटेवर एकटं पडलेलं हे पोरगं रडून रडून दवाखाना डोक्यावर घ्यायला लागलं, तेव्हा तिथल्या एका नर्सबाईनं त्याच्यापुढं दोन जाडजूड पुस्तकं आणून ठेवली. ख्रिस्ती लोकांचं धर्मपुस्तक. एक मराठीत, एक इंग्रजीत, आणि इंग्रजीतलं तेही तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतलं.

मामांना मराठी जेमतेम वाचता येत होतं. बाईंनी इंग्रजी अक्षरं शिकवली आणि एक युक्ती सांगितली. दोन्ही पुस्तकांत ओळींना नंबर घातलेले होते. मराठीत जी पाचवी ओळ, तीच इंग्रजीतही पाचवी. "एक बोट मराठीवर, एक बोट इंग्रजीवर," मामा सांगायचे, "बैलं जुपल्यावानी दोन्ही बोटं संगं चालवायची. आन् आत बगतो तर काय, समदी आमचीच माणसं! मेंढरं हायती, हिरीवरची भांडणं हायती, दुष्काळ हाय, धाकल्यानं थोरल्याचा वाटा खाल्लेला हाय. मला वाटलं, हे आमच्याच वाडीवरच्या कुणीतरी लिवलंय." पाय जुळला, कळप परत आला, मामा लंगडत घरी आले ते इंग्रजी पुस्तक बगलेत मारूनच. बाईंनी ते त्यांना देऊन टाकलं होतं. गावात कुजबुज झाली की पोरगं बाटलं. मामांचं त्यावर आयुष्यभर एकच उत्तर होतं : "बाटलो न्हाय, शिकलो." बिरोबाची जत्रा त्यांनी एकदाही चुकवली नाही. देवावर भंडारा उधळून झाला की त्यातलीच चिमूट ते पुस्तकालाही लावायचे, त्यामुळे त्या पुस्तकाची पानं कडेनं पिवळीधमक झाली होती आणि मामांच्या इंग्रजीला हळदीचा वास यायचा.

हे इंग्रजी त्यांनी कपाटात जपून ठेवलं असतं तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण मामा ते दिवसभर वापरायचे. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली की मामा हात वर करून प्रत्येक गाडीवानाला विचारायचे, "व्हेन्स कमेस्ट दाऊ?" म्हणजे, तू कुठून आलास? गाडीवान बिचारे लांबून आलेले. त्यांना वाटायचं, हे कारखान्याच्या नियमातलं काहीतरी असणार. दोन-चार खेपांत ते सरावायचे आणि मामांनी तोंड उघडायच्या आत "पिंपळी, मामा!" असं ओरडून बैल आत हाणायचे. एकदा बॉयलर बघायला परदेशी साहेब आला. जीप गेटवर थांबली. मामांनी तोच हात वर केला, त्याच आवाजात तोच प्रश्न केला आणि वर त्याला शांतीचा आशीर्वाद दिला. साहेब जीपमधून खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि देवळात उभं राहावं तसा उभा राहिला. नंतर ऑफिसात म्हणे त्यानं सांगितलं, मला या भाषेत शेवटचं माझी आजी रागावली होती. मामा मात्र साहेबावर नाराज होते. "मानूस बरा हाय," ते म्हणाले, "पर इंग्रजी कच्चं हाय."

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'व्हेरिली'. खचित, खरोखर, शपथेवर, असं सगळं त्या एका शब्दात यायचं. मामांच्या कोणत्याही वाक्याच्या बोहल्यावर आधी व्हेरिली चढायचा, मग बाकीचे शब्द. "व्हेरिली सांगतो, औंदा पाऊस न्हाय." "व्हेरिली, कालवणात मीठ कमी हाय." वाडीवरच्या माणसांनी तो शब्द घासूनपुसून 'वेरली' केला आणि सरळ वापरायला घेतला. मामांचं नाव वेरलीमामा पडलं ते वेगळंच, पण पुढं पुढं पोरं विटीदांडूत भांडतानासुद्धा "वेरली सांग, विटी झेलली का न्हाय?" असं म्हणायला लागली, आणि देवाची शपथ खाऊनही खोटं बोलणारी माणसं वेरलीवर आली की जरा चाचरायची. शेजारच्या बापूरावांना मामा 'नेघबोर' म्हणायचे. शेजारी या अर्थाच्या शब्दातली सगळी अक्षरं ते मन लावून उच्चारत. छापलंय तर बोलायला नको का, असं त्यांचं म्हणणं. बापूरावांना बरीच वर्षं ती कसलीतरी पदवी वाटत होती. लग्नाच्या पंगतीत कुणी ओळख करून दिली की ते स्वतःहून सांगायचे, "मी ह्यांचा नेघबोर."

घरी दहा-बारा मेंढरं आणि चार शेरडं होती. नोकरी लागली म्हणून मेंढरं कशी सोडायची, असं मामा म्हणत. त्या मेंढरांना मराठी अजिबात कळत नव्हतं. "कम हिदर" म्हटलं की यायची, "डिपार्ट" म्हटलं की जायची. शिवाय चरायला नेताना मेंढरं उजव्या अंगाला आणि शेरडं डाव्या अंगाला, असा दंडक होता, कारण पुस्तकात तसंच आहे. यावर आत्याचा जळफळाट व्हायचा. "दूध देत्यात शेरडं," ती म्हणायची, "आन् उजवीकडचा मान मेंढरांस्नी! त्या पुस्तकवाल्याला म्हणावं, एक दीस माझ्या चुलीपाशी येऊन बस." आत्या अक्षरशत्रू, पण मामांशी वाद घालताना तिला कधी शब्द कमी पडले नाहीत. फार झालं की ती त्यांचंच हत्यार त्यांच्यावर चालवायची : "वेरली सांगते, आता गप बसला न्हाय तर भाकर मिळायची न्हाय." मग मामा गप बसायचे.

मी रविवारी गेलो की इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन जायचो. मामांना बातम्यांत रस नव्हता. ते पानावरून बोट फिरवत आपल्या पुस्तकातले शब्द शोधायचे आणि एखादा सापडला की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "हा बग, हा आमच्या भावकीतला!" परक्या गावच्या लग्नात गेलेला माणूस जसा दोन घटकांत सोयरा शोधून काढतो, तसं त्यांचं व्हायचं. एकदा एक पुढारी निवडणुकीत थोडक्यात वाचला, त्याला वर्तमानपत्रानं 'दातांच्या कातडीनिशी सुटला' असं इंग्रजीत म्हटलं होतं. मामा खूश! "दाताला कुठं कातडं असतंय रं? पर आमच्या पुस्तकात हाय, म्हून ह्यांनी लिवलंय. लिवणाऱ्याला ठावंबी न्हाय, कुणाचं खातोय ते." मी म्हटलं, मामा, अहो, असं सगळं इंग्रजी धर्मपुस्तकातून कसं आलं असेल? तेव्हा ते चिडले नाहीत. घोंगडी सारखी करून शांतपणे म्हणाले, "त्या लोकांच्या घरात पूर्वी एकच पुस्तक असायचं, मास्तर. नर्सबाई सांगायची. पोरगं अक्षर शिकायचं त्याच्यावरच, म्हातारं मरताना ऐकायचं तेच. मंग जिभंवर दुसरं येणार कुठनं? आपुन न्हाय का रामपारी उठतो? उठताना कोण रामाची आठवण काढतंय? शब्द राहतो, मास्तर. देव जातो उठून, शब्द हितंच राहतो."

असा सगळा आनंदीआनंद होता. पण या आनंदाची किंमत एकाच माणसाला पडत होती, आणि तो माणूस म्हणजे मामांची एकुलती एक लेक, शालन. शालन दहावीला इंग्रजीत नापास झाली. मार्चला झाली, पुन्हा ऑक्टोबरला झाली. बाकीचे सगळे विषय सुटलेले. दहावी सुटली तर तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं, आणि मामांना तर ते स्वतः दवाखान्यातून लंगडत घरी आले त्या दिवसापासून आस होती की आपल्या घरात एक नर्सबाई व्हावी. पण भावकीला धीर नव्हता. त्यांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा चांगला, घरची बागाईत, नाव ठेवायला जागा नाही. येत्या मार्चला पोरगी सुटली तर नर्स, नाही तर मांडव, असं ठरलं. शालन मला एवढंच म्हणाली, "दादा, मला लगीन वंगाळ वाटत न्हाय. पर आधी पांढरी साडी नेसायची हाय." आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि मला दम भरला, "मास्तर हायेस न्हवं? मंग कर काय ते."

मी तिला सरावाचा एक पेपर सोडवायला दिला. तो तपासताना मला घाम फुटला. आजारी असल्यामुळे रजा मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लिहा, असा प्रश्न होता. पोरीनं लिहिलं होतं त्याचं मराठी करायचं तर असं होईल : 'हे मुख्याध्यापका, तुझा कान इकडे लाव. तुझ्या दासीच्या देही ज्वर शिरला आहे आणि तिची हाडे थरथरली आहेत. तीन दिवस तुझे मुख माझ्यापासून फिरव.' एक चूक नाही! अक्षर मोत्यासारखं, व्याकरण चोख, फक्त ते व्याकरण ज्यांना पास करता आलं असतं ते परीक्षक तीनशे वर्षांपूर्वीच वारले होते. 'तो शाळेत जातो' याला तिनं गोज लिहायच्या जागी गोएथ लिहिलं होतं. 'बैलगाडीचा प्रवास' या निबंधात एक देवदूत आला होता. कप्पाळ! मी डोक्याला हात लावून बसलो. शालन म्हणाली, "आबांनी असंच शिकवलंय. चुकलं व्हय?" मी तांबडं पेन बंद करून खिशात ठेवलं.

घरात उठल्यापासून झोपेपर्यंत मामांचं इंग्रजी तिच्या कानावर पडत होतं. मी रविवारी दोन तास गोज शिकवायचो आणि सोमवारी सकाळी मामा गोएथ म्हणून ते धुऊन टाकायचे. शेवटी मी धीर करून त्यांना कालव्याच्या कडेला गाठलं. मेंढरं उजवीकडं, शेरडं डावीकडं, मधे मामा. मी म्हणालो, "मामा, तुमचं इंग्रजी खोटं नाही. पण ते आता चलनात नाही." मामा पाण्याकडं बघत म्हणाले, "म्हंजी राणीछाप रुपया." मी म्हटलं, "होय." "चांदी आस्सल हाय," ते म्हणाले, "पर एस्टीत कंडक्टर घेत न्हाय." "होय, मामा." एक मेंढरू डावीकडं शेरडांत गेलं, तरी त्यांनी त्याला परत वळवलं नाही. "पोरीला एस्टीनंच जायचं हाय," ते म्हणाले. "मंग मी बंद व्हतो."

आणि मामा खरोखर बंद झाले. माणसं सोमवारचा उपास धरतात, मौन धरतात. मामांनी इंग्रजीचा उपास धरला. पुस्तक ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली आत्याच्या हवाली केली. आत्याला आधी वाटलं, दोन दिवसांचं सोंग आहे. पण संक्रांत आली, गळीत हंगाम जोरात आला, तरी गेटवर मामा नुसता हात वर करत आणि नुसताच खाली घेत. गाडीवान सवयीनं "पिंपळी, मामा!" म्हणून ओरडायचे, पण विचारणाराच मुका झाल्यामुळे त्या उत्तराला काही चव राहिली नाही. जेवताना ते "व्हे" एवढं म्हणायचे आणि घास गिळायचे. आत्या एकदा मला हळूच म्हणाली, "ह्यास्नी ताप बिप तर न्हाय न्हवं? कालवणात मीठच न्हवतं, तरी गुमान जेवलं." इतकी वर्षं ज्या बडबडीला ती कावली होती, तीच थांबल्यावर तिला घर खायला उठत होतं. किल्ली ती गळ्यातल्या मण्यांत अडकवून फिरायची. एकदोनदा तिनं ती मामांपुढं धरलीसुद्धा. मामांनी मान हलवली.

उपास सगळ्यात जड गेला तो मेंढरांना. एका रविवारी मी ओट्यावर शालनचा अभ्यास घेत होतो आणि मामा समोरच मेंढरं राखत होते. एडका बांध ओलांडून बापूरावांच्या उसात शिरला आणि त्याच्यामागं सगळा कळप. मामा ओरडले, "ये, ये, हिकडं ये!" मेंढरांनी मान वर करूनही बघितलं नाही, त्यांच्या बापजन्मी कुणी त्यांच्याशी मराठी बोललं नव्हतं. बापूराव बांधावर येऊन नाचायला लागले. "आरं वेरलीमामा, कोवळा ऊस हाय त्यो! तुझ्या त्या भाषेत हाक मार की त्यांस्नी! मी तुझा नेघबोर हाय का कोण हाय?" मामांचं तोंड उघडं होतं. 'कम हिदर' अगदी ओठावर आलेलं मला दिसत होतं. त्यांनी ओट्याकडं बघितलं, शालनच्या हातातल्या पुस्तकाकडं बघितलं आणि तोंड मिटलं. शेवटी शालनच उठली आणि माझ्याकडून नुकतंच शिकलेलं ठणठणीत चालू इंग्रजी तिनं झाडलं : "कम हिअर!" मेंढरं ढिम्म हलली नाहीत. त्यांचा दहावीचा अभ्यासक्रम झालेला नव्हता. मग मामा स्वतः उसात शिरले आणि एकेक मेंढरू कानाला धरून बाहेर काढलं. बाहेर आले तेव्हा तोंडावर आणि हातांवर उसाच्या पानांनी ओरखडे उठले होते. मी हसायला म्हणून तोंड उघडलं होतं, पण शालनकडं बघितलं आणि माझं हसू आतच राहिलं. ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, पुढचा धडा घ्या."

त्यानंतर पोरीनं जो अभ्यास केला त्याला तोड नाही. रविवारी मी शिकवायचो आणि मामा खाटेवर पाठ करून पडलेले असायचे. झोपलेले मात्र नसत. कधी धड्यात त्यांच्या भावकीतला एखादा शब्दप्रयोग यायचा, डोळ्यातलं सफरचंद म्हणजे अगदी लाडकं माणूस, असं काहीतरी. मग खाटेवरून एक खोकला यायचा, आणि मामा उठून मेंढरांना पाणी दाखवायला निघून जायचे. शालनचं उत्तर बरोबर आलं की मी वहीत 'व्हेरी गुड' लिहायचो आणि मोठ्यानं म्हणायचोही. तेवढं ऐकूनच मामांना कळायचं की गाडी नीट चाललीय. परीक्षेच्या सकाळी आत्यानं शालनच्या हातावर दही घातलं. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घरात कुणी कुठं निघालं की मामा नेहमी आपल्या इंग्रजीत भलामोठा आशीर्वाद द्यायचे. त्या दिवशी नुसते ओठ हलत राहिले. शालन वाट बघत उभी होती. शेवटी मामा म्हणाले, "जा. नीट लिव्ह."

निकाल लागला त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून सणसरला गेलो. शालननं शाळेतून गुणपत्रक घेतलं, एकदा बघितलं, घडी घातली आणि घरी न जाता थेट कारखान्याच्या रस्त्याला लागली. मी मागोमाग, जवळजवळ पळतच. हंगाम संपलेला, गेटवर चिटपाखरू नव्हतं. मामा एकटेच स्टुलावर बसले होते. आम्हांला बघून ते उठून उभे राहिले, पण विचारायचा धीर त्यांना होईना. सवयीनं त्यांनी गाडीवानांपुढं करायचे तसा हात वर केला. शालन गेटच्या अलीकडं थांबली. मला वाटलं, आता ही आबा म्हणून गळ्यात पडणार. तिनं पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि कारखान्याच्या चिमणीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बिहोल्ड, आबा! दाय डॉटर हॅथ पास्ड!" बघ आबा, तुझी लेक पास झाली आहे! इतके महिने तिनं ती भाषा कुठं लपवून ठेवली होती कुणास ठाऊक. आता मामांचा बांध फुटणार, असं समजून मी मागं सरून उभा राहिलो. मामांनी तोंड उघडलं. दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात अजून वरच होता. मग ते माझ्या आवाजात, अगदी माझ्यासारखंच, म्हणाले, "व्हेरी गुड." आणि पुन्हा, "व्हेरी गुड, पोरी. व्हेरी गुड."

मी शिक्षक माणूस. निकालाच्या दिवशी रडणारे बाप पुष्कळ बघितलेत. पण त्या दिवशी मलाच चष्मा पुसावा लागला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आत्यानं त्याच दुपारी ट्रंक उघडून दिली. मामा पुन्हा बोलायला लागले, पण त्या उपासात काहीतरी मोडलं ते नीट जुळलं नाही. दाऊ म्हणायला जायचे आणि मधेच यू निघायचं. मग ते थबकायचे, हसायचे आणि म्हणायचे, "मास्तर, तुझं पाचट शिरलं बग माझ्या उसात." मेंढरं मात्र खूश होती, त्यांना पहिल्यासारखं सगळं कळायला लागलं. शालन नर्स झाली. पांढऱ्या साडीत पहिल्यांदा घरी आली तेव्हा मामांनी दारातच उभं राहून तिला विचारलं, "व्हेन्स कमेस्ट दाऊ?" तेवढं एक ते कधीच विसरले नाहीत. पुढं तीनेक वर्षांनी मामा गेले, काही दुखणं नाही, काही नाही. आत्यानं च्या आणला तर खाटेवर तसेच. पुस्तक शालन घेऊन गेली. एका दवाखान्यातून आलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात गेलं.

परवा इंदापूरच्या स्टँडवर गाडीला वेळ होता म्हणून डाळिंबं घ्यायला थांबलो. पाटी घेऊन बसलेली तरणी बाई होती. मी म्हटलं, आतून बरी निघतील ना? ती म्हणाली, "वेरली सांगते भाऊ, एक किडकं निघालं तर पाटी उचलून न्या." मी विचारलं, सणसरकडची का तू? तर नाही, तिनं भलत्याच गावाचं नाव घेतलं, मामांनी ते पाहिलंही नसेल. मग हे वेरली कुठून आलं म्हटल्यावर ती हसायला लागली. "कुठनं म्हंजी? आमच्यात पहिल्यापासनंच म्हणत्यात की!" मामा असते तर त्यांनी मांडीवर थाप मारली असती. मला त्यांची अशी आठवण आली की गाडी लागल्याची घोषणा झाली तरी मी तिथंच उभा राहिलो. डाळिंबं पिशवीत घेतली आणि न राहवून तिला सांगितलं, "बाई, हा शब्द आमच्या भावकीतला आहे."

तिनं हातातलं डाळिंब तसंच धरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "वेरली?"